हवा दमट

राबोडीतल्या अस्लम बुबेऱ्याने आधीच सांगितलं,
"काका, ह्यात कुणीतरी लिहून ठेवलंय. म्हणून भाव कमी."
मी तोंड पाडलं, पाडायचं असतं म्हणून,
आणि समासातल्या तपकिरी शाईवरून बोट फिरवत
मनात म्हटलं, देव तुझं भलं करो, लिहिणाऱ्या.

मुखपृष्ठ नाही. शिळाछापाची एकशे बारा पानं,
वीज कशी उत्पन्न होते त्याबद्दल, शके सतराशे शहाऐंशी.
मालकाचं नाव कसरीने खाल्लं,
आडनाव तिला रुचलं नसावं:
"…जी प्रधान, मुक्काम ठाणें."

बत्तीस वर्षं मी कळव्याच्या उपकेंद्रात होतो.
चारशे केव्ही. खाडीचा वारा इन्सुलेटरवर मीठ पेरतो,
धुक्याच्या रात्री तारा तव्यावरच्या तेलासारख्या चरचरतात.
दमट हवा काय चीज आहे ते मला कुणी शिकवू नये.

फंडाच्या पैशातून पहिलं पुस्तक घेतलं ते लॅटिन,
वासराच्या कातड्यात बांधलेलं, उघडलं की कुरकुरतं.
लॅटिन मला येत नाही. चित्रं येतात:
रेशमी दोरांवर आडवा टांगलेला मुलगा,
आणि त्याच्या बोटाकडे झेपावलेले वर्खाचे कण.
आज त्रेचाळीस झाली. नव्या बुटांच्या खोक्यांतल्या
सिलिका जेलच्या पुड्या मी सोसायटीभर मागत फिरतो.
हेमलता म्हणते, विजेच्या एवढ्या पोथ्या घरात
आणि मोरीतला बल्ब मंगळवारपासून गेलाय.

छापील मजकूर सांगतो: काचेची नळी घ्यावी,
रेशमी वस्त्रानें घासावी, बोट जवळ न्यावें,
स्फुल्लिंग दृष्टीस पडेल.
समासात प्रधान लिहितात:

आषाढ वद्य ४. दोनशें वेळ घासली. कांहीं नाहीं.
श्रावण. राळेस मांजराचें कातडें पाहिजे म्हणतो. मांजर पळालें.
भाद्रपद. नळीस घाम येतो. ग्रंथकर्त्याचा देश कोरडा असावा.
आश्विन. शेजारी हंसले.

कार्तिकात काहीच नाही.
ताप असेल, कुणाचं लग्न असेल.
मग अठ्ठेचाळिसाव्या पानावर, अक्षर घाईचं,
एक ओळ छापील ओळींवर चढलेली:

पौष शुद्ध २, पहांट. वारा उत्तरेचा. नळी चुलीपाशीं शेकली.
ठिणगी. तिळाएवढी. शब्द झाला.
यमुनेस उठविलें. तिला दिसली नाहीं.
पुन्हां करूं.

पुढचे समास कोरे.
चौसष्ट पानं मी भिंगाखालून काढली,
उजेडाशी तिरपी धरून पाहिली,
शिसपेन्सिलीची खूणसुद्धा नाही.
यमुना मुलगी, की बहीण, की बायको,
कसरीला ठाऊक असेल.

परवा पौषातली पहाट तशी निघाली, ओठ फुटतील अशी.
अंधार करण्यातच वीस मिनिटं गेली.
राउटरच्या हिरव्या ठिपक्यावर चिकटपट्टी,
सेट-टॉप बॉक्सवर रुमाल,
समोरच्या टॉवरवरच्या जाहिरातीसाठी पडदा,
पडद्यावर चादर, तरी खालून एक रेघ येतच होती
तिला पायपुसणं लावलं.
वागळे इस्टेटीतून कापून आणलेली नळी गॅसवर शेकली.
रेशीम हेमलताच्या कपाटातलं, न विचारता.

घासली. शंभरानंतर मोजणं सोडलं.
बोटाचं पेर जवळ नेलं.
चारशे केव्हीपाशी आयुष्य काढलेला माणूस मी,
बोट लटपटलं.

माझ्या मोतीबिंदूला काही दिसलं नाही.
किंवा जे होतं ते होऊन गेलं.

स्वयंपाकघराच्या दारातून, काळोखातच,
हेमलता म्हणाली,
"आत्ता काय वाजलं?"